सुभेदारांची गच्ची आणि माझी वायर

घरी पाहुणे आले की बायको सांगते, "हे नेटमध्ये होते." ऐकणाऱ्याला वाटतं, कॉम्प्युटर इंजिनिअर असणार. मग त्याची नजर माझ्या गुडघ्यांकडं जाते. शिड्या चढून चढून ते असे झालेत की मी खुर्चीतून उठलो तर शेजारच्या घरातलं मांजर दचकतं. मी वायरवाला. आधी केबल टीव्हीची जाड काळी वायर, पुढं फायबरची बारीक. साताऱ्यात ओढली, सांगलीत ओढली. एकदा रिकामपणी अंदाज काढला, तर सगळी मिळून म्हसवडपासून दिल्लीला जाऊन परत येईल इतकी भरली. येताना थोडी कमी पडेल म्हणा. लोणंदला एक जॉइंट मारावा लागेल.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मालकांनी मला वेगळंच काम दिलं. एखाद्या घरानं आमचं कनेक्शन सोडून दुसऱ्या कंपनीचं घ्यायचं ठरवलं की तिथं मला पाठवायचे. गोड बोलून त्यांना थांबवायचं, आणि नाहीच थांबले तर आपला राउटर, म्हणजे ती भिंतीवरची लुकलुकणारी डबी, काढून आणायची. एकाच घरात मागणी घालायला जायचं आणि त्याच घरातून रुखवत परत न्यायचं, असा तो प्रकार.

लोक कंपनी का बदलतात, हे सांगायला मोठी अक्कल लागत नाही. नव्या गिऱ्हाइकाला प्रत्येक कंपनी स्वस्तात घेते. पहिले काही महिने फुकट, राउटर फुकट, बोलणंही गोड. तेच गिऱ्हाईक जुनं झालं की त्याला पूर्ण दर. मग पेन्शनीत घर चालवणारा माणूस म्हणतो, मी पुन्हा नवा होतो की दुसरीकडं जाऊन. मी मालकांच्या बाजूनं बोलायचो, पण मनातून मला ते पटायचं. माझ्या स्वतःच्या घरी आमच्याच कंपनीचं नेट होतं, ते केवळ फुकट होतं म्हणून.

साताऱ्यात एक निवृत्त गुरुजी होते. ते दर सहा महिन्यांनी कंपनी बदलायचे. नवं गिऱ्हाईक म्हणजे नवं नाव लागतं. स्वतःचं झालं, बाईंचं झालं, मुलाचं, सुनेचं, मग साडूचं. प्रत्येक कंपनी जाताना आपली वायर भिंतीला तशीच लोंबती ठेवून जायची. त्या वायरींवर बाईंचा दोडक्याचा वेल चढला आणि असा माजला, की गुरुजींनी नेटपेक्षा दोडके जास्त काढले. मी राउटर न्यायला गेलो की पिशवीभर मिळायचे. शेवटी नावं संपली. तेव्हा मला बाजूला घेऊन गुरुजी हळू म्हणाले, "बापू, आमच्या मोत्याला लस दिल्याचं कार्ड आहे. सरकारी शिक्का आहे त्याच्यावर. चालेल का?"

मी म्हटलं, "गुरुजी, त्याच्यावर फोटो नाही."

दुसऱ्या दिवशी फोटो चिकटवून कार्ड तयार. यातलं खरं किती, असं कोणी विचारू नये. दोडके खरे आहेत.

तर धंद्याविषयी. फायबर म्हणजे केसाएवढी काच. तिच्यातून उजेड धावतो आणि त्या उजेडावर बसून तुमच्या मालिका आणि मुलांचे क्लास घरात येतात. ती फार वाकवली की उजेड तिथंच अडतो, म्हणून कोपऱ्यावर तिला नव्या सुनेसारखं सांभाळून वळवावं लागतं. एवढं कोणीही आठ दिवसांत शिकतो. खरी विद्या काचेत नाही, गच्च्यांत आहे. खांब रस्त्यावर असतो आणि गिऱ्हाईक मागच्या घरात. मधली गच्ची तिसऱ्याची. मग त्या तिसऱ्याकडं जायचं, चहा घ्यायचा, भिंतीला ओल येणार नाही ना याचं उत्तर द्यायचं, त्याच्या जावयाची चौकशी करायची आणि हळूच म्हणायचं, "तेवढी वायर वरून नेतो." एका गच्चीनं नाही म्हटलं की मागच्या घरात नेट नाही. कायदा काय म्हणतो ते वकील जाणोत. मी गच्च्यांपायी इतका चहा प्यायलोय की माझी साखर तपासायची तर डॉक्टरांनी आधी मधल्या घरांची यादी मागवावी.

अशीच एक गच्ची सांगलीत, कुपवाडच्या रस्त्याला. तिचे मालक फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. फौजेत त्यांचं काम माझंच, वायरी टाकायचं. फरक इतकाच की ते बर्फात टाकायचे आणि मी लोकांच्या पापडांवर पाय न देता टाकायचो. रस्त्याकडचं घर सुभेदारांचं. त्याच्या पाठीला पाठ लावून मागं धाकट्या भावाचं, तानाजीचं. मधली भिंत एकच. तानाजी कुपवाडला एका कारखान्यात लेथ मशीनवर. दोघा भावांचं बोलणं कैक वर्षं बंद. कारण विचारलं तर मला गल्लीत तीन ठिकाणी तीन कारणं मिळाली आणि तिन्ही सांगणारे शपथेवर सांगत होते.

बऱ्याच वर्षांपूर्वी तानाजीनं आमच्याकडं कनेक्शन मागितलं होतं, तेव्हा मीच वायर घेऊन गेलो होतो. खांब सुभेदारांच्या दारात. वायर त्यांच्या गच्चीवरूनच न्यायला हवी. सुभेदार जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "बापू, तुझ्याशी भांडण न्हाई. पण ह्या गच्चीवरनं त्याची वायर जाणार न्हाई. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"मला."

असला शब्द मोडायला समोर माणूसच नसतो. मी वायर गुंडाळली आणि परत आलो.

नंतर सुभेदारांनी स्वतःसाठी आमचं कनेक्शन घेतलं. बरीच वर्षं चाललं. मग एका गुरुवारी मालक म्हणाले, "बापू, सुभेदार सोडून चाललेत. उद्या दुसऱ्या कंपनीचा माणूस येतोय त्यांच्याकडं. बघा काय जमतंय."

गेलो. सुभेदार सोफ्यावर ताठ बसलेले. नव्या कंपनीचं पत्रक पुढ्यात, त्यातल्या महिन्याच्या दराखाली पेन्सिलीनं दोन रेघा.

"दर महिन्याला एवढं वाचतंय," ते म्हणाले. "आन् पैशाचं सोड. तुमचं नेट लय थकलंय. संध्याकाळी बातम्या लावल्या की ती बाई तोंड उघडती आन् तशीच ऱ्हाती. आमी जेवून उठतो तरी तिचं तोंड उघडंच."

इथं माझ्यातला वायरवाला जागा झाला. नेट मंद म्हणजे माझ्या वायरीचा अपमान. आणि इथंच माझी जन्माची चूक झाली, जी फक्त आमच्या धंद्यातला, तोंडाला लगाम नसलेला माणूसच करू शकतो. मी खिशातून मोबाईल काढला आणि राउटरचं ते पान उघडलं, ज्यावर त्या डबीला कोणकोण जोडलंय त्याची यादी येते.

"सुभेदार, नेट थकलेलं न्हाई, त्याच्यावर वझं लय हाय," मी रुबाबात म्हणालो. "तुमी घरात माणसं दोन. आन् डबीवर बघा किती जण बसल्यात. हा तुमचा फोन. हा वहिनींचा. हा टीव्ही. आन् हा लॅपटॉप, नाव हाय प्राजक्ता. सकाळी धा ते संध्याकाळी सातपर्यंत सगळं नेट हाच पितोय."

प्राजक्ता म्हणजे तानाजीची मुलगी. हे मला माहीत होतं. पण ते माझ्या डोक्यात आलं तोवर तोंड पुढं निघून गेलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी, म्हणजे सुभेदारांच्या पत्नी, चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. हातातून कप पडला, असं लिहायला मला आवडलं असतं. पण फौजेतल्या माणसाशी इतकी वर्षं संसार केलेली बाई ती, ट्रेमधला चहासुद्धा हलला नाही. फक्त पाय पुढं येईनात.

मला उमगलं. भिंतीपलीकडं रेंज जात होती आणि पासवर्ड वहिनींनी दिला होता. मी सावरायला गेलो.

"म्हणजे काय हाय सुभेदार, आमची कंपनी आपल्या मशीनांना फुलांची नावं देती. प्राजक्ता, मोगरा, शेवंती. हे कंपनीचंच मशीन दिसतंय."

सुभेदारांनी माझ्या हातातला मोबाईल शांतपणे घेतला. यादी वरून खाली वाचली. परत खालून वर वाचली.

"मोगरा कुठाय?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत माझी थाप एवढ्या कमी शब्दांत कोणी उघडी पाडली नव्हती.

"डबी राहू दे आज," ते उठत म्हणाले. "उद्या नवी बसली की घेऊन जा. नव्या डबीचा पासवर्ड मी घालणार."

फाटकापाशी वहिनींनी मला गाठलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"भाऊ, पोरीला आत्ता कुठं नोकरी लागलीय. पुण्याची कंपनी हाय. लोकांच्या तक्रारी येत्यात, ती टाईप करून उत्तरं देती, घरनंच. मागच्या घरात मोबाईलला रेंज न्हाई. तीन महिने कामावर बघणार हाईत. तिसऱ्यांदा नेट गेलं तर नको म्हणणार. मी काय चोरी केली का? दोघंच माणसं आमी. आमचं नेट वायाच जात हुतं."

"वहिनी, मी करतो कायतरी."

"आता तुमी काय करू नका, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमी केलंय ते निस्तरू द्या."

तरी मी केलंच. शुक्रवारी सकाळी नवी डबी बसली आणि भिंतीपलीकडं प्राजक्ताचं नेट बंद पडलं. पहिली वेळ. मागच्या अंगाला एका कारखान्याची भिंत होती आणि तिच्या पलीकडच्या रस्त्यावर आमचा एक खांब. शनिवारी मी तिथून, कारखान्याच्या आवारावरून, लांबच लांब वायर तानाजीच्या खिडकीत आणली. पहारेकऱ्याला पटवलं, जांभळाच्या झाडाला वळसा घातला. आपल्या अकलेवर खूश होऊन घरी आलो. सोमवारी सकाळी कारखान्यात उंच माल भरलेला ट्रक आला आणि जाताना वायर घेऊन गेला. ती मिरजेपर्यंत फरफटत गेली, असं लोक सांगतात. मी स्वतः तिच्या मागं चौकापर्यंतच पळालो, पुढचं मी पाहिलेलं नाही.

दुसरी वेळ झाली.

प्राजक्ता दारात उभी होती. बारीक अंगाची, चष्म्याची पोर. माझ्यावर रागावणंही तिला जमत नव्हतं. म्हणाली, "काका, उद्या मंगळवारची रजा मिळालीय. बुधवारी दहाला मला ऑनलाईन दिसायला हवं. नाहीतर त्यांनी सांगितलंय, येऊ नका."

"रेंज असेल अशा कोणा मैत्रिणीकडं बसून काम करता येणार न्हाई का?"

"एक दिवस येईल. रोज कोण बसू देणार? आणि काकी म्हणाली, तू कुठं जाऊ नकोस, बघू."

मंगळवारी दुपारी जेवणं आटपायच्या सुमाराला मी सुभेदारांकडं गेलो. निमित्त जुना राउटर न्यायचं. खरं काम माफी मागायचं, आणि माफी मागायचा मला सराव नाही. माझ्या धंद्यात चूक नेहमी खारीची असते. खारीनं वायर कुरतडली, एवढं म्हटलं की भागतं.

सुभेदार एकटेच टीव्हीपुढं. बातम्यांतली बाई धडधडीत बोलत होती, कुठं अडत नव्हती. पासवर्ड त्यांनी कागदावर ठळक लिहून टीव्हीच्या कडेला चिकटवला होता. माझा राउटर पुसून, वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवलेला.

"नेट कसं हाय नवं?" मी विचारलं.

"पळतंय. स्वस्तबी हाय."

"मग बरं झालं."

"काय बरं झालं?" ते म्हणाले. "आमच्या हिनं तो पासवर्ड फोनमधी घातलाच न्हाई. भांडत न्हाई, काय न्हाई. जेवाय वाढती, आन् जाऊन मागच्या खोलीत त्या भिंतीला टेकून बसती. तिच्या बहिणीचा फोन यायचा व्हिडिओवर, त्योबी बंद. मी एकटा बातम्या बघतोय. जगात लय वंगाळ चाललंय, बापू. एकट्यानं बघवत न्हाई."

मी म्हटलं, "सुभेदार, चूक माझी. माझ्या तोंडानं ते बाहेर पडलं. पोरीची नोकरी जाईल. उद्या धा वाजता."

"ठावं हाय मला."

"मग गच्चीवरनं..."

"शब्द दिलाय मी."

"आवं, शब्द तुमचा तुमालाच दिलाय. आपल्या घरातल्या घरात सोडवता न्हाई का येत?"

"तू तुझ्या शब्दाचं बोल. मशीनांना फुलांची नावं देतोस तू. माझा शब्द तसला नसतोय."

मी राउटर पिशवीत घातला. दारापर्यंत गेलो. मागून ते म्हणाले, "बापू. मी दुपारी दोन ते चार झोपतो."

"झोपा की."

"जिन्याखालच्या खाटेवर झोपतो. वारं असतंय तिथं. झोपलो की मला कायबी कळत न्हाई. फौजेत बाजूला तोफ वाजली तरी उठायचो न्हाई." टीव्हीकडं बघतच बोलत होते ते. "झोपलेल्या माणसाला कोण जाब इचारंल? त्याच्या गच्चीवर कावळा बसला काय आन् आणखी काय झालं काय."

मी माणूस थापाडा असलो तरी मंद नाही. घड्याळात पाहिलं तर दोनला थोडाच वेळ होता. बाहेर येऊन तानाजीला फोन केला. तो कुपवाडहून दुचाकीवर असा आला की हातावरचं लेथचं काळं तेल अजून ओलं होतं. त्याला मागच्या बाजूला शिडीवर उभं केलं, वायरीचं टोक धरायला. मी खांबावरून वायर सोडली आणि भेंडोळं खांद्यावर घेऊन जिन्याकडं वळलो.

सुभेदार खाटेवर. डोळे मिटलेले, दोन्ही हात छातीवर, पाय सरळ जुळवलेले. सावधानमध्ये झोपलेला माणूस मी तेवढाच पाहिला.

वर गेलो. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या. वायर पाण्याच्या टाकीच्या कडेनं नेणं सोपं होतं, म्हणून तिकडं वळलो, तर जिन्याखालून आवाज आला.

"टाकीकडनं नेऊ नको. तिथं दिवसभर ऊन असतंय. वरचं रबर तडकंल. कठड्याच्या सावलीनं ने."

मी खाली डोकावलो. डोळे मिटलेलेच.

पलीकडं शिडीवरून तानाजीनं दबक्या आवाजात विचारलं, "बापू, दादा काय म्हणाला?"

"झोपेत बडबडतायत."

शिडीवर तानाजीचं निम्मं अंग मला दिसत होतं. तो कठड्याकडं बघत म्हणाला, "सावलीनं घेतोय म्हणावं."

मी जिन्यावर वाकलो. "सावलीनं घेतोय, सुभेदार."

"क्लिपा हातभर अंतरावर मार. दोन हातांवर मारल्यास तर वाऱ्यानं हाणती."

"हातभर अंतरावर, तानाजी."

"ड्रिल हाय का तुमच्याकडं? न्हाईतर दादाचं असंल, टाकीखालच्या पेटीत. कायम तिथंच असतंय."

टाकीखाली पेटी होती. पेटीत ड्रिल होतं. कैक वर्षं त्या गच्चीवर न आलेल्या माणसाला ते ठाऊक होतं. मी भोकं पाडली, क्लिपा मारल्या, कोपऱ्यावर वायर हळू वळवली आणि टोक तानाजीच्या हातात दिलं. त्यानं ते धरलं ते दोन्ही हातांनी. खाली वहिनी कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे, खाटेच्या उशाशी. त्या नवऱ्याला वारा घालत होत्या. पंखा चालू होता तरी.

मागच्या घरात राउटर बसवला. तोच, सुभेदारांकडून काढलेला. वायर जोडली, थोडं थांबलो आणि दिवा हिरवा झाला. प्राजक्तानं लॅपटॉप उघडून पाहिलं, बंद केला, पुन्हा उघडून पाहिलं. मला पाणी आणून दिलं आणि ते घेताना माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी पाणीच प्यायलो नव्हतो.

मालकांना फोन करून कळवलं, पुढचं घर गेलं, मागचं आलं. ते म्हणाले, "चालतंय." सुभेदारांचा महिन्याचा खर्च खरंच कमी झाला, आणि इतकी वर्षं न मिळालेलं गिऱ्हाईक आम्हाला मिळालं. माझ्या गोड बोलण्यानं हे झालं, असं मी पुढं ऑफिसात बरंच सांगितलं. आता लिहितोय म्हणून खरं लिहितो. माझ्या बोलण्यानं फक्त बिघडलं होतं.

हत्यारं गोळा करायला शेवटचा गच्चीवर गेलो, तेव्हा चार वाजत आले होते. तानाजी अजून शिडीवरच उभा. काम संपलं होतं, उतरायला हरकत नव्हती.

"बापू," तो म्हणाला, "दादाला इचारा, उद्या दुपारीबी झोपणार हाय का?"

मी जिन्यावर वाकून विचारलं. खाली खाट करकरली. मग आवाज आला, या वेळी चांगला खणखणीत.

"उद्या जागा हाय म्हणावं."

हा निरोप मला पोचवावा लागला नाही. पलीकडं शिडीवरून तानाजीनं घसा साफ केला आणि स्वतःच म्हणाला, "बरं, दादा."